रसशुद्धीकरणातील अवक्षेपण आणि आयनिक समीकरणांचे अध्यापन

प्रस्तावना
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. जिल्ह्यातील अनेक विद्यार्थी ऊसउत्पादक कुटुंबांतून येतात. तथापि अवक्षेपण शिकविताना उदाहरण दिले जाते ते बहुधा सिल्व्हर नायट्रेट व सोडिअम क्लोराइड यांचेच. त्याला कारखान्यातील अभिक्रियेची जोड कशी देता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नेहमीचे उदाहरण
सिल्व्हर आयन (१+) + क्लोराइड आयन (१−) → सिल्व्हर क्लोराइड (स्थायू)
सोडिअम व नायट्रेट हे आयन दोन्ही बाजूंस जसेच्या तसे राहतात; म्हणून ते प्रेक्षक आयन होत. यावरून विद्यार्थी मात्र चुकीचा नियम बांधतो : अवक्षेपात जे नाही, ते खोडावे.

कारखान्यातील अभिक्रिया
सल्फिटेशन पद्धतीत उसाच्या रसात चुना व सल्फर डायऑक्साइड मिसळतात. विरघळलेल्या चुन्यापुरते समीकरण असे :
कॅल्शिअम आयन (२+) + २ हायड्रॉक्साइड आयन (१−) + सल्फर डायऑक्साइड → कॅल्शिअम सल्फाइट (स्थायू) + पाणी
येथे हायड्रॉक्साइड अवक्षेपात नाही, तरीही तो खोडता येत नाही. कारण त्याचे रूपांतर होते. या अभिक्रियेत प्रेक्षक आयन एकही नाही. तयार होणारा अवक्षेप रसातील गढूळ द्रव्ये व रंगद्रव्ये सोबत घेऊन खाली बसतो.

सल्फर डायऑक्साइड अधिक झाल्यास अवक्षेप पुन्हा विरघळतो :
कॅल्शिअम सल्फाइट (स्थायू) + सल्फर डायऑक्साइड + पाणी → कॅल्शिअम आयन (२+) + २ बायसल्फाइट आयन (१−)
रस आम्लधर्मी झाल्यास सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होऊन साखर घटते. चुना अधिक झाल्यास रसातील क्षपणकारी शर्करांचे विघटन होऊन रस काळवंडतो. म्हणूनच रसाचा सामू ७ च्या आसपास राखला जातो. समीकरणातील प्रमाण हा येथे केवळ गुणांचा प्रश्न उरत नाही.

समारोप
प्रथम सर्व आयन लिहावेत, समीकरण संतुलित करावे, दोन्ही बाजूंस न बदललेले आयनच वगळावेत आणि शेवटी प्रभाराची बेरीज पडताळावी, हा क्रम वर्गात आग्रहाने पाळला जावा. सल्फर डायऑक्साइड विषारी असल्याने प्रात्यक्षिकासाठी चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडावा. निवळी आधी दुधाळ होते व वायू सोडत राहिल्यास पुन्हा स्वच्छ होते. दोन्ही टप्प्यांची आयनिक समीकरणे विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिल्यास साखर कारखान्यातील अभिक्रिया त्यांना आपोआप उलगडेल.