ठोका पुन्हा चुकला तर?



या पानावर एरवी आम्ही बेणे, खते, हुमणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहीत असतो. या खेपेस मात्र उसाऐवजी स्वतःच्या छातीतली गोष्ट सांगणार आहोत. गेल्या वर्षी हंगाम आटोपल्यावर मे महिन्यात आमच्या हृदयावर अ‍ॅब्लेशन नावाचा उपचार झाला, हे गटागटांतून बहुतेकांस कळले होतेच. भेटेल तो आपुलकीने विचारी, "आता बरं हाय न्हवं, सायेब?" आम्ही मान डोलावून "हो, हो" म्हणत असू. खरी गोष्ट अशी की, उपचाराने जेवढे दमवले नाही, तेवढे त्यानंतरच्या काळजीने दमवले. दुखणे गेले खरे, पण ते परत आले तर? या एका प्रश्नाने आमचे दोन महिने खाल्ले. आपल्यापैकी कोणावर किंवा कोणाच्या घरात ही वेळ आली असेल, येईल, म्हणून हे लिहिणे.

दुखणे काय असते?

हृदयाला चार कप्पे असतात, वर दोन आणि खाली दोन. वरच्या उजव्या कप्प्यात निसर्गाने एक मुकादम नेमला आहे. त्याने इशारा दिला की सगळे हृदय एका तालात आकुंचन पावते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात वरच्या कप्प्यांत या मुकादमाचे कोणी ऐकत नाही. ठिकठिकाणाहून मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इशारे सुटतात, कप्पे नुसते थरथरत राहतात आणि नाडी कशीही पळते. कप्पा नीट रिकामा होत नाही म्हणून त्यात रक्त साचते, त्याची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. छातीतल्या धडधडीपेक्षा मोठा धोका हाच.

हे चुकार इशारे कोठून सुटतात, याचा मोठा उलगडा १९९८ साली झाला. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्ण तपासून दाखवले की, बहुतेक इशारे फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी उगम पावतात. म्हणून या उपचारात जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि त्या वाहिन्यांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा अतिथंडीने व्रणाचा बांध घालतात. अलीकडे विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांनीही हे काम करतात. चुकार इशारा बांधाच्या पलीकडेच अडतो. पाटाला बांध घालणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगावयास नको.

एकोणिसावी रात्र

चौथ्या दिवशी आम्ही घरी होतो, दुसऱ्या आठवड्यात कार्यालयात. एकोणिसाव्या रात्री दीडच्या सुमारास छातीत फडफड झाली. एक ठोका चुकला, मग एक जोराचा बसला, मग चार-पाच भराभर. दहा मिनिटांत सगळे शांत झाले. आम्ही मात्र उजाडेपर्यंत मनगट धरून बसलो. सौभाग्यवतींस उठवले नाही. मनात एकच की, एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि सगळे पाण्यात!

त्या दिवसापासून आमचे बोट नाडीवरून हलेना. चिरंजीवांनी ठोके मोजणारे घड्याळ आणून दिले होते, ते दिवसातून तीस-तीस वेळा पाहू लागलो. गटाच्या बैठकीत सभासद बोलत असत आणि आमचे लक्ष घड्याळाकडे. चहा सोडला, जिना चढणे सोडले, एकट्याने मोटारसायकलवर शिवारात जाणे सोडले. हृदय बरे होत होते आणि माणूस आजारी पडत चालला होता.

जुलैच्या मध्यास आडसाली लागणीची पाहणी करण्यास एका वयोवृद्ध सभासदांच्या रानात गेलो. त्यांना सारे गाव आबा म्हणते. लागण होऊन आठ-दहा दिवस झाले होते, सरीत अजून काही दिसत नव्हते. बांधावर बसल्या बसल्या आम्ही चार वेळा मनगटाकडे पाहिले असावे. आबांनी विचारले, तेव्हा आम्ही प्रथमच कोणाजवळ तरी खरे ते सांगून टाकले. त्यावर ते हसून म्हणाले, "सायेब, गेल्या साली मी कांडी उकरून बघत हुतो तवा तुमीच माझ्यावर खेकसला हुता. रोज उकरली तर डोळा मरंल म्हणाला हुता. आता सोताचं काय चाललंय ह्ये?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. उगवणीस महिना-सव्वा महिना द्यावा, तोवर ओल सांभाळावी आणि मगच नांग्या भराव्यात, हे आम्ही इतकी वर्षे सांगत आलो. स्वतःच्या बाबतीत मात्र रोज कांडी उकरत होतो.

डॉक्टरांनी काय सांगितले?

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन एकोणिसाव्या रात्रीची हकीकत सांगितली. ती आधीच सांगावयास हवी होती, यावर त्यांची बोलणीही खाल्ली. त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे.

पहिले, व्रण भरून येईपर्यंत हृदयात सूज असते आणि त्या काळात ठोका चुकणे, धडधड होणे पुष्कळांस होते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतील धडधडीवरून उपचार फसला असा निकाल देत नाहीत. हा काळ पूर्वी तीन महिन्यांचा धरत असत, २०२४ साली जगभरच्या तज्ज्ञ संस्थांनी तो आठ आठवड्यांवर आणला. निकाल देऊ नये म्हणजे सांगू नये असे मात्र नव्हे. धडधड थांबत नसेल तर त्याही काळात औषध द्यावे लागते.

दुसरे, एखादा ठोका चुकून पुढचा जोरात बसणे हे धडधाकट माणसासही होते. तेवढ्यावरून मूळ दुखणे उलटले असे होत नाही. खरे-खोटे हृदयाच्या आलेखावरच ठरते.

तिसरी गोष्ट ऐकून आमच्या डोक्यावरचे ओझे उतरले. कॅनडात ३४६ रुग्णांच्या छातीच्या कातडीखाली सतत नोंद ठेवणारे लहानसे यंत्र बसवून अ‍ॅब्लेशननंतर वर्षभर पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्याच्या आसपास रुग्णांत वर्षभरात केव्हा तरी, निदान अर्धा मिनिट तरी, बिघडलेला ताल नोंदला गेला. पण बिघडलेल्या तालात जाणारा एकूण वेळ सुमारे ९८ टक्क्यांहूनही अधिक घटला होता. म्हणजे रानात हराळीची एक काडी दिसली म्हणून नांगरट वाया गेली असे होत नाही. रान पुन्हा भरले काय, हे पाहावयाचे. आणि भरलेच तर औषधे आहेत, दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशनही करतात. बांधाला कोठे फट राहिली असेल तर तेवढी बुजवतात.

गोळी आपल्या मनाने सोडू नये

येथे आमच्या हातून होता होता राहिलेली चूक सांगितली पाहिजे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आम्हांस गोळी चालू होती. शिवारात उसाच्या पात्याने हात कापला आणि रक्त लवकर थांबेना. "नाडी तर नीट चालली आहे, आता ही गोळी कशाला?" असे म्हणून दोन दिवस ती डबीतच ठेवण्याचा विचार केला होता. डॉक्टरांनी हात जोडून सांगितले की असे कधीही करू नका. उपचारानंतर निदान दोन-तीन महिने ही गोळी लागतेच. त्यापुढे ती चालू ठेवावयाची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरते, केवळ ताल नीट आहे यावर नव्हे. कारण बिघाड झाला तरी तो प्रत्येक वेळी जाणवतोच असे नाही.

केव्हा थांबू नये?

काळजी कमी करावयाची म्हणजे दुर्लक्ष करावयाचे, असा अर्थ कोणी घेऊ नये. पुढील खुणा घरातील सर्वांस पाठ असाव्यात.

१) तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, छातीत जोराचे दुखणे, शुद्ध हरपणे, दम कोंडणे : क्षणभरही न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२) उपचारानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत ताप येणे, गिळताना दुखणे किंवा रक्ताची उलटी : हे क्वचित घडते, पण घडल्यास जिवावर बेतते. तडक मोठ्या रुग्णालयात जावे आणि अ‍ॅब्लेशन झाले आहे हे आधी सांगावे. ते सांगितल्याशिवाय घशातून दुर्बीण घालू देऊ नये.

३) स्वस्थ बसले असता नाडी भरभर व वेडीवाकडी चालून थांबत नसेल : त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे व शक्य तर आलेख काढून घ्यावा.

आपल्या हातात काय?

पुष्कळ आहे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथील डॉक्टरांनी २०१५ साली दाखवले की, या विकाराच्या ज्या स्थूल रुग्णांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवून ते टिकवले, त्यांची तालात राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. ऑस्ट्रेलियातीलच २०२० सालच्या दुसऱ्या पाहणीत नियमित मद्य घेणारे १४० रुग्ण होते. ज्यांना दारू सोडावयास सांगितले त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांत दुखणे उलटले, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यात ७३ टक्क्यांत. तोडणी संपल्याच्या जेवणावळी आम्हीही जाणतो, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले. रक्तदाब ताब्यात ठेवावा. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्याने व मध्येच श्वास अडकणाऱ्याने तपासून घ्यावे, त्याचाही या दुखण्याशी संबंध आहे.

आम्ही आता एक वही केली आहे. सकाळी एकदा, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावयाची आणि लिहावयाची. मध्ये काही जाणवले तर वेळ, किती मिनिटे आणि तेव्हा काय करीत होतो, एवढे टिपावयाचे. घड्याळ कपाटात असते. फडफड झालीच तर आलेख काढण्यापुरते बाहेर येते.

डिसेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, एका रात्री ताल खरोखरच बिघडला. दोन तास चालला. आठ आठवडे केव्हाच उलटले होते, तेव्हा ही नुसती सूज म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हती. या खेपेस सौभाग्यवतींस उठवले, आलेख काढला, सकाळी डॉक्टरांस दाखवला. त्यांनी एक औषध वाढवले. त्यानंतर आजपर्यंत वहीत तशी नोंद नाही. उद्या होणार नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याची सात महिने धास्ती घेतली होती ते एकदा येऊन गेले, आणि दोन दिवसांनी आम्ही पुन्हा शिवारात होतो, एवढे मात्र खरे.

आबांच्या रानातील उगवण उत्तम झाली. नांग्या फारशा भराव्या लागल्या नाहीत. आपल्यापैकी कोणी असेच मनगट धरून रात्री जागत असेल तर त्याने निदान घरच्या माणसास उठवावे, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांस सांगावे आणि कांडीला तिचा वेळ द्यावा. आमच्याशी बोलावेसे वाटल्यास शेतकी कार्यालयात जरूर यावे. उसाचेच काम असले पाहिजे असे काही नाही.



– ऊस विकास अधिकारी