तोंडाच्या वासाचा आळ पोटावर

सकाळची दौंड-पुणे शटल केडगाव सोडते तेव्हाच बसायला जागा उरलेली नसते, आणि यवतनंतर उभं राहायलाही. पुढचा तासभर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून श्वास घेत हडपसर गाठतात. शिरूरकडून रांजणगाव एमआयडीसीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही फारसं वेगळं नाही. अशा गर्दीत एखाद्याच्या तोंडाला वास येत असेल तर शेजारचा मान वळवतो, रुमाल काढतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो. सांगत मात्र नाही. आपल्याकडे माणसाचं वजन, पगार, डोक्यावरचं कर्ज आणि मुलाचं लग्न का जमत नाही, हे सगळं चारचौघांत विचारायला कुणी लाजत नाही. हा एकच विषय असा, की बायकोही नवऱ्याला वर्षानुवर्षं सांगत नाही.

आणि चुकून बोलायची वेळ आलीच, तर एक सोयीचं वाक्य तयार असतं: “पोट साफ होत नसेल.” ऐकणाऱ्याला ते लागत नाही, कारण पोटाची तक्रार घरोघरी असते. ‘तुझे दात घाण आहेत’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी सभ्य. पण या सभ्यपणामुळेच लोक चूर्णाच्या दुकानात जातात आणि दातांच्या डॉक्टरकडे जायचे राहतात.

“पोट साफ नसलं की तोंडाला वास येतो”

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज हाच. घशातून जठरात जाणारी अन्ननलिका एरवी मिटलेली असते. गिळताना, ढेकर देताना किंवा उलटीच्या वेळी ती उघडते. पोटातली हवा चोवीस तास तोंडाकडे येत राहावी, अशी तिची रचनाच नाही. सतत आम्लपित्त वर येणाऱ्या काही जणांना वासाचा त्रास होतो, हे खरं. पण ते थोडे. बद्धकोष्ठतेवर रेचक घेतल्याने कोठा हलका होईल, तोंडाचा वास जाणार नाही.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात खास या तक्रारीसाठी बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे आलेल्या दोन हजार रुग्णांची नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश लोकांत कारण तोंडातच सापडलं: जिभेवरचा थर, हिरड्यांचा आजार किंवा दोन्ही. तोंडाबाहेरचं कारण फार थोड्यांत निघालं. आणि जवळजवळ सहांतल्या एकाला वास नव्हताच. त्यांच्याकडे पुढे येऊ.

तोंडात नेमकं काय घडतं, हे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले जोसेफ टोंझेटिच यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत उलगडलं. जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरडी-दातांमधल्या फटींत प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू असतात. अन्नाचे कण, लाळ, झडलेल्या पेशी आणि हिरड्यांतून येणारं रक्त यांतली प्रथिनं ते कुजवतात. त्यातून गंधकयुक्त वायू निघतात. एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. दुसरा मिथाइल मरकॅप्टन, तो त्याहून उग्र. हिरड्या सुजलेल्या असतील तर या दुसऱ्याचं प्रमाण वाढतं.

म्हणजे पत्ता पोटाचा नाही, जिभेच्या मुळाचा आहे. आणि नेमकी तीच जागा आपण सोडून देतो. सकाळी मोरीपाशी घराघरांतून ‘ओऽ ओऽ’ असे आवाज येतात, शेजाऱ्यांनाही कळतं की आता अण्णा जीभ साफ करतायत. पण एवढा खटाटोप करून घासली जाते ती बहुतेक वेळा जिभेची पुढची बाजू. ओकाऱ्या काढण्याची गरज नसते. जीभ पूर्ण बाहेर काढून, श्वास सोडत, जीभखरडणी जमेल तितकी मागे टेकवायची आणि हलक्या हाताने तीन-चार वेळा पुढे ओढायची. रक्त येईपर्यंत खरवडायचं नाही. यात नवं काही नाही. चरकसंहितेत सोनं, चांदी, तांबं, कथील आणि पितळ यांच्या जीभखरडण्या सांगितल्या आहेत. आपल्याला स्टीलची पुरते.

“मी दोन वेळा ब्रश करतो, मग माझ्या तोंडाला वास कसा येईल?”

ब्रश दातांच्या समोरच्या आणि मागच्या बाजूला पोचतो. दोन दातांच्या मधे पोचत नाही. तिथे अडकलेला ज्वारीच्या भाकरीचा किंवा मटणाचा कण दोन दिवस राहिला तर काय होणार, हे सांगायला नको. आगपेटीची काडी, सेफ्टी पिन, गाडीची किल्ली यांनी कोरणारे लोक हिरडीला जखम करतात आणि नवी फट तयार करतात. त्यासाठी दातांमधून फिरवायचा दोरा मिळतो, फटी मोठ्या असतील तर छोटे ब्रश मिळतात. वापरलेला दोरा मिनिटभराने हुंगून पाहावा. वास असेल तर आपल्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

तळहातावर फुंकर मारून वास बघण्याचा उपाय मात्र कामाचा नाही. आपलं नाक आपल्याच वासाला सरावलेलं असतं. मनगटाचा आतला भाग चाटून, तो वाळल्यावर हुंगला तर थोडाफार अंदाज येतो. खरा निर्वाळा दुसऱ्याचं नाकच देतं.

हिरडीतून रक्त आलं की लोक तिथे ब्रश लावणं बंद करतात. करायला हवं नेमकं उलट: मऊ ब्रशने ती जागा नीट साफ ठेवायची आणि डॉक्टरला दाखवायचं, कारण रक्त हे बहुतेक वेळा साचलेल्या किटणाचं लक्षण असतं. “किटण काढलं की दात हलायला लागतात” हे तर गावोगाव ऐकू येतं. दाताभोवतीचं हाड आजाराने आधीच झिजलेलं असतं. किटणाच्या थराने तो दात शेजारच्याला चिकटून उभा असतो, थर गेला की त्याची खरी अवस्था दिसते. दोष साफसफाईचा नाही, उशिरा जाण्याचा आहे. ज्यांना खर्चाची धास्ती वाटते त्यांनी पुण्यातल्या दंत महाविद्यालयांचा विचार करावा. धनकवडीचं भारती विद्यापीठाचं आहे, पिंपरीचं डी. वाय. पाटील यांचं आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयांत दर सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात.

कवळीवाल्यांसाठी एकच: रात्री ती काढून, घासून, पाण्यात ठेवायची. तोंडात ठेवून झोपायचं नाही.

“मिश्रीने दात घट्ट राहतात आणि तोंड साफ राहतं”

इथे थोडं थांबावं लागेल. दौंड-शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर आणि गुऱ्हाळांवर काम करणाऱ्या कितीतरी बायकांची सकाळ मिश्रीने सुरू होते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दात-हिरड्यांना लावायची. सुरुवात बहुधा दाढदुखीवर उपाय म्हणून आईनं किंवा सासूनं लावून दिल्यापासून होते. निकोटिनमुळे दुखणं थोडा वेळ जाणवत नाही. मग पुढे दिवसातून चार वेळा लागते, आणि कळवळून उठवणारी गोष्ट दाढ नसून तलफ असते.

भाजल्याने तंबाखू सौम्य होत नाही. जळताना कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी आणली; महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, निदान कागदावर. घरच्या तव्यावर कसली बंदी चालणार?

तंबाखूने हिरड्या मागे सरतात, दातांची मुळं उघडी पडतात आणि वासाला नव्या जागा मिळतात. सुपारीने तोंड उघडणं कमी होत गेलं तर ती कर्करोगाआधीची अवस्था असू शकते. मग वास हा प्रश्नच उरत नाही. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन बोटं उभी मावत नाहीत असं तोंड: यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवावं. तंबाखू सोडायची इच्छा असेल तर सरकारचा १८००-११२-३५६ हा क्रमांक फुकट आहे.

राखुंडी, मीठ, कोळशाची पूड यांनी दात चकचकीत दिसतात, कारण वरचा थर घासला जातो. कडुलिंबाची काडी मात्र बरी, नीट चावून कुंचल्यासारखी केली तर.

“लवंग-वेलची खाल्ली की काम झालं”

झाकलं गेलं, झालं नाही. लवंग, बडीशेप आणि दुकानातला माउथवॉश वासावर दुसरा वास चढवतात. त्यातही मद्यार्क असलेला माउथवॉश तोंड कोरडं करतो, आणि कोरडं तोंड म्हणजे जिवाणूंची चैन. औषधी क्लोरहेक्सिडीनचा गुण येतो, पण ते फार दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात. डॉक्टरने सांगितल्या मुदतीपुरतंच घ्यावं.

लसणाचा ठेचा खाऊन दात घासले तरी वास जात नाही, याचं कारण वेगळं आहे. लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ आतड्यातून रक्तात जातो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतो. ब्रश तिथे कसा पोचणार? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत कच्चं सफरचंद आणि पुदिना यांचा उपयोग दिसला, २०२३ मध्ये दह्याचाही. ठेच्याबरोबर दही खाणाऱ्यांना हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती, तरी बरं झालं. दारूचंही असंच. नगर रस्त्यावर पोलिसांचं यंत्र फुप्फुसातली हवा मोजतं, लवंग चघळून ते फसत नाही.

उपवासाच्या दिवशी येणारा वास घाणीचा नसतो. तोंड कोरडं पडतं आणि शरीर चरबी जाळायला लागलं की श्वासात ॲसिटोन येतं. रात्रपाळी करणाऱ्यांचंही अर्धं दुखणं हेच: चहावर चहा, पाणी कमी. रक्तदाब, ॲलर्जी आणि नैराश्यावरची काही औषधंही लाळ आटवतात. ती बंद करायची नसतात, डॉक्टरशी बोलायचं असतं.

तोंडाबाहेरची काही कारणं मात्र वाट पाहत नाहीत. मधुमेहाच्या रुग्णाच्या श्वासाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास, सोबत उलट्या आणि धाप असेल तर सरळ रुग्णालय गाठावं. मूत्रपिंड निकामी होताना अमोनियासारखा वास येतो. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत चिंचोका, शेंगदाणा किंवा खडूचा तुकडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. घरी चिमट्याने काढायला जाऊ नये, तो आणखी आत सरकतो.

“मला कुणी सांगत नाही, पण मला माहीत आहे”

ल्यूव्हेनमधले ते सहांतले एक, ते हे. समोरच्याने नाकाला हात लावला, खिडकी उघडली, तोंड फिरवलं, की या माणसाला पुरावा मिळतो. तो बोलणं टाळतो, लग्नकार्यांना जाणं सोडतो, चार-पाच डॉक्टर फिरतो. त्याला “तुझे नखरे आहेत” म्हणून हसणं हा दुष्टपणा आहे. डॉक्टरने तपासून वास नाही असं सांगितल्यावरही खात्री पटत नसेल, तर ते दुखणं मनाचं आहे आणि त्यावर मानसोपचाराने गुण येतो.

उलट ज्याला खरंच वास येतो त्याला सहसा पत्ताच नसतो, म्हणून सांगावंच लागतं. पुढे सुगंधी गोळी करणं हा सांगण्याचा प्रकार नव्हे. तो ती खातो आणि आभार मानतो. सांगायचं एकट्यात, जवळच्या माणसानं, एका वाक्यात. सुनेनं सासऱ्याला सांगायची गरज नाही, ते मुलाचं काम: “आबा, तुमच्या हिरड्या दाखवून येऊ, तोंडाला वास येतोय.” पाळीवर सुपरवायझरनं चारजणांत बोलू नये. ज्याला सांगितलं त्यानं आणखी कुणाकुणाला कळलं, याची चौकशी करत बसू नये. आणि ज्यानं सांगितलं त्यानं पंधरा-वीस दिवसांनी फरक पडला असेल तर तेही सांगावं, कारण वास गेल्याचंही त्याला स्वतःला कळणार नसतं.