बीटी कपाशी आणि जिवाणूंची गणपूर्ती
अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोटकडे जाताना दुतर्फा पसरलेल्या काळ्या जमिनीत आज जी कपाशी उभी दिसते, ती बहुतांशी ‘बीटी’ आहे. आणि मार्च २००२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील समितीने तिच्या लागवडीस मंजुरी दिल्यापासून तिच्या गुणदोषांचा खल वऱ्हाडातील पारापारावर चालत आलेला आहे. परंतु मातीत राहणाऱ्या ज्या दोन जिवाणूंच्या साहाय्याने ती घडविली गेली, त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध या चर्चेत सहसा येत नाही, आणि माझ्या मते तोच या प्रकरणातील सर्वांत मनोवेधक भाग आहे.

त्यांपैकी बॅसिलस थुरिंजिएन्सिस (‘बीटी’ ही याचीच आद्याक्षरे) हा बोंडअळीला मारक असे विष निर्माण करणाऱ्या जनुकाचा मूळ धनी. तर ते जनुक कपाशीच्या पेशीत नेऊन पोहोचविणारा वाहक म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेसिएन्स. हा दुसरा जिवाणू निसर्गात वनस्पतीला झालेल्या जखमेतून पाझरणारी द्रव्ये ओळखून आपल्या ‘टीआय’ नामक प्लास्मिडाचा, म्हणजे गुणसूत्राबाहेरील डीएनए-कड्याचा, एक तुकडा तिच्या पेशींत घुसवितो, त्यामुळे तेथे गाठ येते, आणि ती गाठ ‘ओपाइन’ नावाची अशी द्रव्ये बनवू लागते की ज्यांवर मुख्यत्वे याच जिवाणूची उपजीविका चालावी. शास्त्रज्ञांनी गाठ आणणारी जनुके काढून त्यांच्या जागी इष्ट जनुक बसविले, एवढाच काय तो मानवी फेरफार.

परंतु हे प्लास्मिड एका जिवाणूकडून शेजारच्या जिवाणूकडे जाण्याचा व्यवहार मात्र केवळ ओपाइन मिळाल्याने सुरू होत नाही. प्रत्येक जिवाणू एका लहानशा रेणूची, होमोसेरिन लॅक्टोनच्या एका प्रकाराची, अल्प प्रमाणात सतत निर्मिती करीत असतो. तो रेणू पेशीबाहेर झिरपतो, आणि वस्ती विरळ असेल तर इतस्ततः विखुरून वाया जातो. वस्ती दाट झाली म्हणजे त्याचे प्रमाण आत-बाहेर सारखेच वाढते आणि तो पेशीतील ‘ट्रा-आर’ या प्रथिनाशी संयोग पावतो. एरवी तयार होताच नष्ट होणारे हे प्रथिन त्या संयोगाने स्थिर होते, जोडीने डीएनएवरील ठरावीक स्थळी जाऊन बसते आणि तोवर निद्रिस्त असलेल्या, प्लास्मिड पुढे धाडणाऱ्या जनुकांची अभिव्यक्ती सुरू करते. त्या जनुकांतच संकेतरेणू बनविणारे जनुकही असल्यामुळे हाक उत्तरोत्तर मोठी होत जाते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब व्हावी आणि पुरेशी हजेरी लागताच ठराव अमलात यावा, तसाच हा प्रकार आहे. शिवाय ‘ट्रा-आर’ घडविणारे जनुकच मुळी ओपाइनच्या उपस्थितीत जागे होते, म्हणजे अन्नाची आणि संख्येची अशी दुहेरी खातरजमा येथे होते.

समुद्रातील दीप्तिमान जिवाणू वस्ती दाट झाल्यावरच प्रकाशतात, हे नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्येच दाखविले होते. परंतु या व्यापाराला ‘कोरम सेन्सिंग’ (गणपूर्तीची जाणीव) हे नाव १९९४ मध्ये फुक्वा, विनन्स आणि ग्रीनबर्ग यांनी दिले, आणि त्यांतील पहिले दोघे याच अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचे अभ्यासक होते.

आता पहिल्या जिवाणूकडे वळू. २००० साली सिंगापूरच्या संशोधकांना मातीतील एका बॅसिलसमध्ये असे विकर आढळले की जे लॅक्टोनचे वलयच फोडून टाकते. आणि दोनच वर्षांत बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या अनेक उपजातींत तेच विकर असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे ज्याचे विषजनुक अ‍ॅग्रोबॅक्टेरियमने वाहून नेले, तोच त्या वाहकाची भाषा निरर्थक करण्याचे सामर्थ्य बाळगून आहे. बटाटा सडविणाऱ्या एर्विनियावर या थुरिंजिएन्सिसचा प्रयोग केला असता एर्विनिया मेला नाही, त्याची संख्याही वाढत राहिली, परंतु संकेत न पोहोचल्यामुळे सडविण्याचे काम मंदावले. स्वतः थुरिंजिएन्सिस मात्र आपल्या जातभाईंशी लॅक्टोनने नव्हे, तर चिमुकल्या पेप्टाइडांनी संधान बांधतो आणि अळीच्या देहात आपली संख्या पुरेशी झाल्यावर आणखी विघातक द्रव्ये सोडतो.

रोगजंतूला ठार न मारता त्याचा संकेत तोडण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. प्रतिजैविकाच्या माऱ्यात जो जंतू वाचतो त्याचीच संतती फोफावते. आणि बीटीच्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली कीड काय करते, हे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाला दाखविले आहे. मात्र हे विकर सर्वत्र चालेल, अशी आशा धरणे चुकीचे होईल. कपाशीच्या पानांवर कोनाकृती ठिपके पाडणाऱ्या झँथोमोनासच्या कुळात जिवाणू लॅक्टोनऐवजी एका मेदाम्लाच्या साहाय्याने आपली संख्या जोखतात. त्या रेणूची रचना २००४ मध्ये उलगडली. लॅक्टोनचे वलय फोडणाऱ्या विकराला तेथे फोडण्यासारखे काहीच सापडत नाही, म्हणून त्या मेदाम्लाचे विघटन करणारे वेगळे जिवाणूच शोधावे लागतात.