टॉर्चचे अडकणारे बटण : रात्रीच्या पाळीपूर्वी घरच्या घरी दुरुस्ती

अनेक भागांत कृषिपंपांना वीज रात्रीच्या पाळीत मिळते. बांधावरून मोटारीपर्यंत जाताना शेतकऱ्याच्या हातातील टॉर्च हेच त्याचे पहिले संरक्षण असते. मण्यार प्रामुख्याने रात्री संचार करते आणि घोणस पालापाचोळ्यात सहज ओळखू येत नाही. त्यामुळे चार वेळा दाबल्यावर लागणारी किंवा चालता चालता विझणारी टॉर्च ही केवळ गैरसोय नव्हे. तरीही बटण अडकले की टॉर्च तळहातावर आपटण्याचा प्रघात सर्रास आढळतो. त्याने क्षणभर प्रकाश येतो, दोष मात्र तसाच राहतो.

दोष बटणातच आहे, याची खात्री प्रथम करावी. साध्या सेलवर चालणाऱ्या, धातूच्या नळीच्या टॉर्चमध्ये बटण मागील टोपणात असल्यास टोपण काढावे. उघड्या तांब्याच्या तारेने मागच्या सेलचा तळ आणि नळीची रंग नसलेली कड जोडावी. दिवा लागला, तर सेल व दिवा ठीक असून बिघाड टोपणात आहे.

हा बिघाड बहुधा मळाचाच असतो. खत हाताळलेल्या हातांनी बटण दाबले जाते. युरिया हवेतील ओलावा शोषतो, त्यावर धूळ बसते आणि बटणाच्या खाचेत चिकट थर तयार होतो. आतील पितळी पट्टीही ओलाव्याने काळवंडते.

साफसफाईपूर्वी सर्व सेल बाहेर काढावेत. खाचेतील धूळ जुन्या दातब्रशने झाडावी किंवा सायकलच्या पंपाने उडवावी. नंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब खाचेत सोडून बटण वीस-पंचवीस वेळा पुढेमागे करावे. पट्टी हाताशी येत असल्यास पेन्सिलच्या खोडरबराने घासावी. खरखरीत पॉलिशपेपरने वरचा मुलामा निघून जातो व गंज लवकर चढतो. टॉर्च पूर्ण वाळल्यावरच सेल घालावेत. खाद्यतेल सोडण्याचा मोह टाळावा. त्याने बटण त्या दिवशी सैल होते खरे, पण तेल धूळ धरून ठेवते आणि काही आठवड्यांत बटण अधिकच घट्ट बसते. पेट्रोल तर ज्वालाग्राही असून काही प्लॅस्टिकलाही इजा करते.

अल्कलाइन सेल पाझरून पांढरा थर बसला असल्यास हातमोजे घालून, लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसाने तो पुसावा. मग ओल्या फडक्याने रस काढून भाग कोरडा करावा.

चार्जिंगची टॉर्च चार्जरला जोडलेली असताना कधीही उघडू नये. आतील बॅटरी फुगलेली दिसल्यास दुरुस्तीचा प्रयत्नच करू नये. बटणाखालील स्प्रिंग मोडली असेल, तर साफसफाईचा उपयोग नाही. तेथे नवे बटणच बसवावे लागते. हंगाम संपल्यावर टॉर्च ठेवून देताना सेल काढून ठेवावेत.