ई-पुस्तक : मालकी की परवाना?

वाचून झालेले छापील पुस्तक आपण निःशंकपणे विकतो. कारण भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १४ नुसार एकदा वितरणात आलेल्या प्रतीच्या पुनर्विक्रीवर हक्कधारकाचे नियंत्रण राहत नाही. ई-पुस्तकाला असे तत्त्व लागू होते का, हा प्रश्न युरोपात न्यायालयापुढे आला. नेदरलँड्समधील टॉम कॅबिनेट ही कंपनी वापरलेली ई-पुस्तके विकत असे. १९ डिसेंबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने अशा विक्रीस हक्कधारकाची परवानगी आवश्यक ठरवली. डिजिटल प्रत वापराने झिजत नाही. तिची ‘जुनी’ प्रत नव्या प्रतीची जागा पूर्णपणे घेते, हे त्यामागील एक कारण. म्हणजेच येथे ‘विकत घेणे’ या क्रियापदाचा अर्थ पालटतो. आपल्या हाती बहुधा केवळ वाचनाचा परवाना येतो. तो मित्राला किंवा वारसाला देता येईल का, हे करारातील अटींवर अवलंबून असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या अवश्य वाचाव्यात.