ब्रूज : कालव्यांकांठचा दोन दिवसांचा विसांवा

युरोपच्या प्रवासास निघणाऱ्या आपल्या मंडळींची एक रीत आतां सर्वांच्या परिचयाची झाली आहे. पंधरा दिवसांत आठ राजधान्या पाहावयाच्या, आणि घरीं आल्यावर कोणता घुमट कोणत्या शहरांत पाहिला याचा मेळ घालीत बसावयाचें! अशा धांवपळींत दोन रात्रींचा विसांवा कोठें घ्यावा असें कोणी विचारील, तर बेल्जममधील ब्रूज या शहराचें नांव सुचवावेंसें वाटतें. ब्रुसेल्सहून आगगाडीनें सुमारें एका तासांत तेथें पोंचतां येतें. गांव लहान व सपाट असल्यामुळें वडीलधाऱ्या माणसांसही पायीं हिंडणें जड जात नाहीं. मात्र रस्ते दगडी फरसबंदीचे असल्यानें पायांत भक्कम जोडा असावा.

या शहराचें दैव पाण्यानेंच घडविलें आणि पाण्यानेंच बिघडविलें. ११३४ सालीं मोठें वादळ होऊन समुद्र आंत शिरला व झ्विन नांवाची खाडी जहाजांस मोकळी झाली. त्या वाटेनें इंग्लंडची लोकर येऊं लागली, तिचें उंची कापड फ्लँडर्सच्या मागांवर निघूं लागलें, आणि इटलीचे सावकार व जर्मनीचे व्यापारी येथें पेढ्या घालून बसले. व्हान डेर बुर्स या घराण्याच्या धर्मशाळेपाशीं व्यापारी जमत. युरोपांतील अनेक भाषांत शेअरबाजारास ‘बुर्स’ म्हणतात, तें याच नांवावरून पडलें असें मानतात. पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस खाडी गाळानें भरत गेली, जहाजें व त्यांच्यामागोमाग व्यापारी अँटवर्पकडे वळले, आणि ब्रूज मागें पडलें.

यांतील गंमत अशी कीं, त्या दारिद्र्यानेंच शहराचें रूप राखिलें. जुनीं घरें पाडून नवीं बांधण्यास पैसाच नव्हता. १८९२ मध्यें रोडनबाख या लेखकानें आपल्या फ्रेंच कादंबरींत ब्रूजला ‘मृत’ म्हटलें, तेव्हां तें मृत शहर पाहावयास लोक येऊं लागले! २००० सालीं युनेस्कोनें जुन्या शहराचा समावेश जागतिक वारशांत केला.

पहिल्या दिवशीं मोठ्या चौकांतील घंटाघर पाहावें. त्याची उंची ८३ मीटर असून ३६६ पायऱ्या चढून गेल्यावर सत्तेचाळीस घंटांचा ताफा दृष्टीस पडतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनीं खालीं चौकांत बसून घंटानाद ऐकावा. त्यांत कांहीं उणें नाहीं. जवळच मातृदेवतेचें चर्च असून त्याचा विटांचा मनोरा ११५ मीटरांहून उंच आहे. तेथें मायकेल अँजेलोनें संगमरवरांत घडविलेली माता व बाळाची मूर्ति आहे. ती शिल्पकाराच्या हयातींतच एका ब्रूजच्या व्यापारी घराण्यानें विकत आणिली. १७९४ मध्यें फ्रेंचांनीं ती पळविली, नेपोलियनच्या पाडावानंतर ती परत आली. १९४४ मध्यें जर्मनांनीं नेली, ती पुढच्या वर्षीं ऑस्ट्रियांतील एका मिठाच्या खाणींत सांपडली. एवढे फेरे होऊनही त्या आईच्या मुद्रेवरील शांति ढळलेली नाहीं.

दुसऱ्या दिवसाची सकाळ बेगाइनांच्या आश्रमासाठीं ठेवावी. १२४५ सालीं स्थापन झालेल्या या आवारांत अविवाहित व विधवा स्त्रिया राहत. त्यांना जन्माचें व्रत घ्यावें लागत नसे. स्वतःची मालमत्ता स्वतःपाशीं ठेवून, काम करून त्या पोट भरीत, आणि वाटल्यास बाहेर पडून लग्नही करीत. आज तेथें बेगाइना उरलेल्या नाहींत. १९२७ पासून बेनेडिक्टिन जोगिणी राहतात. उंच झाडांखालचीं तीं पांढरीं घरें पाहतांना आमच्या वाचकभगिनींच्या मनांत अनेक विचार येतील, ते येथें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

गणिताची आवड असलेल्या मुलांना सायमन स्टेव्हिनच्या पुतळ्यापाशीं अवश्य न्यावें. हा १५४८ सालीं ब्रूजमध्यें जन्मला. आपल्या देशाची अंकपद्धति अरबांच्या द्वारें युरोपांत पोंचली होतीच. तिच्या आधारानें अपूर्णांकही दशमान रीतीनें मांडतां येतात, हें त्यानें १५८५ मध्यें मातृभाषेंतील एका लहानशा पुस्तकानें भूमापकांना, कापड मोजणारांना व व्यापाऱ्यांना पटवून दिलें.

कालव्यांतून होडीची फेरी अर्ध्या तासाची असते; ती सकाळीं लवकर केल्यास रांगेंत तिष्ठावें लागत नाहीं. शाकाहारी मंडळींना एक सूचना करणें अगत्याचें वाटतें. बेल्जममधील बटाट्याच्या तळलेल्या फोडी प्रसिद्ध आहेत, पण त्या तळण्यास परंपरेनें गाईची चरबी वापरतात. तेव्हां विचारल्यावांचून पानांत घेऊं नयेत. लेस विकत घेणारांनींही ती हातची कीं यंत्राची हें विचारून घ्यावें. खरी हातची लेस विणण्यास फार वेळ लागतो, म्हणून ती स्वस्त असूं शकत नाहीं.

आतां एक गोष्ट मनापासून सांगावयाची आहे. ज्या शहरास एके काळीं दारिद्र्यानें राखिलें, त्यास आज पाहुण्यांची गर्दी जड होऊं लागली आहे. सकाळीं मोटारींतून उतरावें, छायाचित्रें घ्यावीं व सायंकाळीं निघून जावें, असे लोक इतके झाले कीं २०१९ मध्यें नगरपालिकेनें एका दिवसाच्या सहलींची जाहिरात बंद करण्याचें ठरविलें. जेथें मोठी वर्दळ असते तेथें वाण्याचें दुकान जाऊन चॉकलेटचें दुकान येतें, आणि राहत्या माणसास आपलें गांव परकें वाटूं लागतें. आपल्या क्षेत्रस्थानांच्या रहिवाशांनाही हें दुःख ठाऊक आहे.

म्हणून ब्रूजला जाणारांनीं निदान दोन रात्री मुक्काम करावा. संध्याकाळीं गर्दी ओसरल्यावर कालव्याकांठीं सावकाश चालावें, दारापुढें बसलेल्या वृद्धास नमस्कार करावा, मुलांना मोठ्यानें ओरडूं देऊं नये, आणि कोणाच्या खिडकींत डोकावूं नये. आपल्या वाड्यांत चार दिवस राहावयास आलेल्या पाहुण्यानें जसें वागावें अशी आपली अपेक्षा असते, तसेंच तेथें आपण वागावें. असा पाहुणा गेल्यावर यजमानांस सुटल्यासारखें वाटत नाहीं, आणि पाहुण्याच्याही पदरांत चित्रांपेक्षां कांहीं अधिक पडतें.