‘निसर्ग’ नावाच्या घरातला चित्रकार

चंद्रकांत मांढरे यांना जाऊन या फेब्रुवारीत पंचवीस वर्षं झाली. त्या निमित्ताने कोडोलीतल्या शाळकरी मुलांसमोर चार शब्द बोलण्याचा योग आला. चंद्रकांत कोण, असं विचारल्यावर दोघाचौघांनी सांगितलं, जुन्या सिनेमातले शिवाजी महाराज. ते चित्रकार होते हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मागे खुर्च्यांवर बसलेल्या शिक्षकांनाही नव्हतं. मुलांचं मी समजू शकतो. शिक्षकांचं मात्र मनाला लागलं. म्हणून हा मागोवा.

सिनेमातले चंद्रकांत मी इथे पटकन आटोपतो, कारण त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. 1936 चा बोलका ‘सावकारी पाश’, 1941 चा प्रभातचा ‘शेजारी’, 1952 चा भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’, 1959 चा ‘सांगत्ये ऐका’. रुबाबदार चेहरा, भारदस्त आवाज, घोड्यावरची ती बैठक. धाकटे भाऊ सूर्यकांतही तेवढेच लोकप्रिय. या सगळ्या वर्षांत हा माणूस चित्रं काढतच होता, पण त्यांच्याबद्दल लिहिताना प्रत्येकाने ती ओळ शेवटी टाकली, छंद म्हणून. छंद हा शब्द मला अजिबात मान्य नाही. पोट सिनेमावर चाललं, जीव मात्र चित्रात होता.

तो जीव कोल्हापूरच्या मातीतलाच. या शहरात निसर्गचित्राची एक सलग परंपरा आहे. तिच्या मुळाशी आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव कमावून हा माणूस कोल्हापूरला परतला आणि कोटितीर्थाच्या काठी राहिला. शाहू महाराजांचा आश्रय लाभला, पण राहणी फकिराची. झाडपाला नि माती कुटून स्वतःचे रंग करायचे आणि तळ्याचं पाणी, रंकाळ्याचा काठ पुन्हा पुन्हा काढायचा. आबालाल 1931 साली गेले तेव्हा चंद्रकांत अठरा वर्षांचे होते. आबालालांची दृष्टी पुढच्या पिढीत बाबूराव पेंटर यांच्याकडून आली. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी पडदे रंगवणारे, स्वतः कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करणारे बाबूराव मुळात चित्रकार. चंद्रकांत त्यांच्या हाताखाली घडले. ‘सावकारी पाश’मध्ये त्यांना उभं केलं तेही बाबूरावांनीच. त्यामुळे त्यांची चित्रकला आणि अभिनय हे दोन वेगळे कप्पे करणाऱ्यांना कोल्हापूर कळलेलंच नाही.

मला सांगायचं आहे ते 1987 नंतरच्या दहा वर्षांबद्दल, कारण ती मी पाहिली. त्या साली राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय सुरू झालं. स्वतःचं राहतं घर आणि आयुष्यभराची चित्रं त्यांनी सरकारच्या हवाली केली होती. घराचं नाव ‘निसर्ग’. मी तेव्हा कोडोलीत नवा नवा चित्रकला शिक्षक. रविवारी वाठारमार्गे एसटी पकडायची, कोल्हापुरात उतरून आधी टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आबालाल पाहायचे, मग राजारामपुरी. बरोबर एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी पाचसहा पोरं असायची. सिनेमाचा नट म्हणून बघायला आलेली पोरं भिंतींसमोर गप्प व्हायची.

तिथली पावडर शेडिंगची चित्रं हा माझ्या आयुष्यातला मोठा धडा. ब्रश नाही, पाणी नाही. कोरड्या रंगाची पूड कागदावर घासून बसवायची आणि तेवढ्यावर डोंगर, झाडी, आभाळ उभं करायचं. आम्ही शाळेत करून पाहिलं. रंगीत खडू पाट्यावर वाटले, पूड पातळ सुती फडक्यातून गाळली, कापसाच्या बोळ्याने ड्रॉइंग पेपरवर फिरवली. पंखा बंद करावा लागला. कुणी शिंकलं की सगळं आभाळ शेजारच्याच्या कागदावर. पूड एकदा दाबून बसली की खालचा पांढरा परत मिळत नाही, म्हणून उजेड कुठे ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. आणि ते ठरवायला उजेड आधी डोळे भरून पाहिलेला असावा लागतो. चंद्रकांतांनी तो पाहिला होता. धुक्यात बुडालेला डोंगर काढायचा तर पुडीइतकं नेमकं साधन दुसरं नाही, कारण धुक्याला कडा नसते आणि पुडीलाही नसते.

त्याच काळात एका प्रदर्शनात मुंबईच्या एका समीक्षकाने कोल्हापूरच्या सगळ्या निसर्गचित्रांना ‘कॅलेंडर’ म्हणून हात झटकले होते. मी तिथे होतो आणि तेव्हा गप्प बसलो. आज उत्तर देतो. कॅलेंडरवरचा डोंगर कुठलाही असतो. आमच्याकडचा चित्रकार जोतिबाचा डोंगर काढतो तेव्हा तो वाडी रत्नागिरीचाच असतो, पावसाळ्याच्या तोंडावरचा की भाद्रपदातला हेही गवताच्या रंगावरून सांगता येतं. एका जागी वर्षानुवर्षं बसून मिळवलेलं हे ज्ञान आहे. फ्रान्समध्ये सेझानने एकच डोंगर आयुष्यभर काढला की त्याला साधना म्हणायचं आणि कोटितीर्थाच्या काठावर आबालालांनी तेच केलं की स्थानिक हौस, हा न्याय मला कधी पटला नाही.

आज ती बसण्याची सवयच गेली. कोडोलीतून दक्षिणेला पाहिलं की जोतिबाचा डोंगर अजून तसाच दिसतो, पण त्याच्या अलीकडे जिकडे तिकडे ऊस. वारणेच्या पाण्याने आणि कारखान्याने या खोऱ्याला पैसा दिला, तो मी नाकारत नाही, माझंही घर त्यावरच चाललंय. पण ज्वारी, भुईमूग, भात यांच्या पट्ट्यांमुळे शिवाराला जे रंग होते ते एका हिरव्यात बुडाले. मुलं स्पर्धेला मोबाइलवरचं चित्र समोर ठेवून निसर्ग काढतात आणि बक्षिसं त्यांनाच मिळतात. मेमरी ड्रॉइंगमध्ये पाठ केलेली नारळाची झाडं येतात, वडाच्या पारंब्या येत नाहीत. पंचक्रोशीतल्या एका शाळेत कलाशिक्षक निवृत्त झाले, ती जागा आजतागायत भरलेली नाही. चित्रकलेच्या तासाला गणिताचा सराव चालतो. गावातले बोर्ड रंगवणारे पेंटर फ्लेक्सने संपवले. त्यातले दोघे माझ्याकडूनच अक्षरलेखन शिकून गेले होते.

कोल्हापूर भावनाशून्य नाही. जयप्रभा स्टुडिओच्या विक्रीवरून 2022 मध्ये कलावंत आंदोलनाला बसले. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहून रडले. दोन्ही वेळी मला त्यांचा अभिमान वाटला. पण राजारामपुरीतल्या त्या घरासाठी असा कळवळा मला दिसत नाही. तिथे आग लागलेली नाही, कुणी काही विकायला काढलेलं नाही, म्हणून ते सुखरूप आहे असं आपण धरून चालतो. कागदावर बसवलेल्या पुडीला कोल्हापूरचा चार महिन्यांचा पाऊस आणि ओल पुरेशी आहे.

म्हणून पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालयं संचालनालयाकडे माझी मागणी साधी आहे. तिथल्या प्रत्येक पावडर चित्राची कागदतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, चांगल्या दर्जाची छायाचित्रं घेऊन ती शाळांना मोफत द्यावीत, आणि जिल्ह्यातल्या मुलांना महिन्यातून एक दिवस पाटी-कागद घेऊन त्या दालनांत बसू द्यावं. मुलं मी आणतो. एसटी अजून वाठारवरूनच जाते.